चैत्रगौरीचे हळदीकुंकू : एका फराळाचा इतिहास

लढाया, तह आणि खलिते यांचा इतिहास लिहिणारास कागदपत्रांची वानवा सहसा भासत नाही. परंतु आपले पूर्वज उन्हाळ्याच्या दुपारी काय खात होते, ते कोणी सिद्ध करीत असे, आणि सिद्ध करणारी स्वतः केव्हा पानावर बसत असे, असे विचारू गेल्यास दप्तरखाने बहुधा मौन धरतात. वस्तुतः मनुष्याच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि जेवणाचे दिवस फार. तेव्हा समाजाचा स्वभाव ओळखावयाचा तर त्याच्या पंगतीकडे निदान एकवार तरी निरखून पाहिले पाहिजे. याच हेतूने, महाराष्ट्रातील घराघरांत चैत्र महिन्यात होणाऱ्या एका लहानशा समारंभाचा विचार येथे योजिला आहे. तो समारंभ म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आणि त्यातील डाळ, पन्हे व भिजविलेले हरभरे.

समारंभाचे स्वरूप बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. चैत्र शुद्ध तृतीयेस देवघरातील अन्नपूर्णेची मूर्ती लहानशा पाळण्यात किंवा झोपाळ्यावर बसवावयाची, आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती माहेरवाशीण म्हणून घरात राहावयाची. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी रेखावयाची. मधल्या महिन्यात सोयीचा एखादा दिवस पाहून शेजारपाजारच्या बायकांस बोलवावयाचे, पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडावयाची, कलिंगड व काकडी कोरून ठेवावयाची. आलेल्या सुवासिनींस हळदकुंकू लावून हातांस चंदनाची उटी द्यावयाची, भिजविलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावयाची, आणि वाटली डाळ व पन्हे देऊन त्यांची बोळवण करावयाची. एवढाच काय तो विधी. भटजी नाही, होम नाही, पंगतही नाही.

प्रथम यातील पदार्थांकडे पाहू. चैत्र हा शेताच्या दृष्टीने सुगी आटोपल्याचा महिना होय. रब्बीचा हरभरा माघ-फाल्गुनात निघून खळ्यावरून घरी आलेला असतो; नदीच्या आटलेल्या पात्रात, वाळूत लाविलेली कलिंगडे, खरबुजे आणि काकड्या याच सुमारास बाजारात येतात; आणि आंब्याच्या झाडावर कैरी धरलेली असते, परंतु आंबा पिकलेला नसतो. म्हणजे चैत्रातील गृहिणीच्या हाताशी नवा हरभरा, कैरी, गूळ आणि गार पाणी एवढेच असते. या चार वस्तूंतून जे काही होईल ते करावयाचे, हाच त्या फराळाचा नियम. कोणी ग्रंथकर्त्याने तो घालून दिला असे वाटत नाही. ऋतूनेच तो घालून दिला.

तथापि ग्रंथकर्तेही ऋतूकडे डोळेझाक करून बसले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा एक अध्यायच आहे. त्यात ग्रीष्माविषयी सांगितले आहे, ते येणेप्रमाणे : सूर्य या दिवसांत जगाचा स्नेह शोषून घेतो, म्हणून मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध असे अन्नपान हितकर, साखर घातलेले थंड मंथ प्यावे, तूप-दुधाबरोबर साळीचा भात खावा, दिवसा थंड घरात निजावे, खारट, आंबट, तिखट आणि उष्ण पदार्थ टाळावे. या शेवटच्या वाक्याशी आमच्या फराळाचा उघड विरोध येतो. कैरी आंबट, डाळीतील मिरची तिखट! परंतु गृहिणींनी हा विरोध आपल्या परीने मिटविला आहे. कैरीच्या आंबटपणास गुळाने आणि गार पाण्याने मऊ केले की तिचे पन्हे होते, आणि डाळ द्यावयाची ती वाटीभर. शास्त्राचे अक्षर मोडले असेल, पण उन्हातून आलेल्या मनुष्यास थंडावा द्यावा हा त्याचा अभिप्राय मोडला आहे, असे कोणी म्हणणार नाही.

पन्ह्याची वंशावळ पुष्कळ मागे नेता येते. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात आंब्याच्या प्रपाणकाची कृती दिली आहे : कैरी पाण्यात शिजवावी, हाताने चांगली कुसकरावी, तीत साखर व थंड पाणी घालावे, आणि कापूर व मिरे यांनी ती सुवासिक करावी. हे प्रपाणक भीमसेनाने निर्माण केले, असेही ग्रंथकार सांगतो. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाकडे पाकशास्त्राचे पितृत्व द्यावे, ही आपली जुनी चाल होय. आजच्या पन्ह्यात आणि त्या प्रपाणकात अंतर फार थोडे आहे. साखरेच्या जागी बहुधा गूळ आला, आणि कापूर-मिऱ्यांच्या जागी वेलची व केशर आले. एवढ्या शतकांत इतका कमी पालटलेला पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात दुसरा शोधावाच लागेल.

डाळीची गोष्ट मात्र निराळी आहे. हरभरा हे धान्य मूळचे पश्चिम आशियातील. ते आपल्याकडे सहस्रावधी वर्षांपूर्वी येऊन इतके रुळले की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीसारख्या पक्वान्नापासून या हरभऱ्यापर्यंत अनेक खाद्यवस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून खणून काढला. घोड्यांचा चारा म्हणून हरभऱ्याचा उपयोग कसकसा होत आला, यावर त्यांचा एक स्वतंत्र निबंध आहे. जे धान्य स्वाराच्या घोड्याच्या तोबऱ्यात, तेच सुवासिनीच्या ओटीत! डाळीतील हिंग इराण-अफगाणिस्तानाकडचा. मिरची तर अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांची गलबते पश्चिम किनाऱ्यास लागू लागल्यानंतर, म्हणजे १४९८ नंतरच ती हिंदुस्थानात आली. तेव्हा आज आपण ज्या डाळीस 'परंपरेची' म्हणतो, तिचे हिरवे-तिखट रूप पाचशे वर्षांपेक्षा जुने असणे शक्य नाही. भावमिश्राच्या पन्ह्यात मिरे आहेत, मिरची नाही, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. आरास करताना कोरून ठेवलेले कलिंगडही मूळचे आफ्रिकेतील.

हे सांगण्यात परंपरेचा उपहास करावा असा माझा हेतू नाही. उलट, परक्या वस्तूस घरची करून घेण्याची जी शक्ती आमच्या स्त्रियांनी दाखविली, तिचे कौतुकच वाटते. परंतु अमुक पदार्थ केला नाही तर सणास बट्टा लागतो, असे जेव्हा कोणी आग्रहाने म्हणतो, तेव्हा या वाटीभर डाळीचा इतिहास त्यास हळूच सांगावा.

आता आंब्याकडे वळू; कारण चैत्रातील कैरी वैशाखात आंबा होते, आणि डाळ-पन्ह्याच्या जागी रसपोळी येते. पुष्कळ घरांत अक्षय्य तृतीयेस पाण्याची घागर, वाळा, पंखा आणि आंबे यांचे दान देऊन पितरांस नैवेद्य दाखविल्यावाचून पिका आंबा तोंडास लावीत नसत. आंबा हा आपल्या भूमीचा खरा. पण ज्या आंब्याचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे, त्या हापुसाच्या घडणीत परकी हात आहे. आपल्या बहुतेक जातींत आंब्याची कोय लावली असता झाड आईसारखे होईलच असा भरवसा नसतो. गोड आंब्याच्या कोयीतून आंबट झाड निघते. म्हणून जुन्या आमराया रायवळ असत, आणि प्रत्येक झाडास घरच्या माणसासारखे त्याच्या स्वभावावरून नाव असे : शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत कलमे बांधण्याची विद्या आंब्यास लाविली गेली, आणि एका उत्तम झाडाची हुबेहूब शेकडो झाडे होऊ लागली.

'हापूस' हे नाव गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कपासून आले, असे सर्वत्र सांगतात. परंतु आल्बुकेर्क १५१५ मध्ये वारला. आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानात आयुष्य घालविलेला व्हेनिसचा प्रवासी मनुची गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावे देताना 'निकोलाव आफोन्सो' या नावाचा आंबा सांगतो. तेव्हा ज्याचे नाव आपण दरवर्षी वैशाखात घेतो तो विजयी सेनापती नसून गोव्यातील कोणी बागवाला असण्याचाच संभव मला अधिक वाटतो. सेनापतीपेक्षा माळ्याचे नाव फळास असणे हेच न्याय्यही आहे. पायरी हे नाव 'पेरेस' या आडनावाचा अपभ्रंश, आणि मानकुराद हे 'वाईट रंगाचा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा, असे सांगतात. ज्याच्या रंगास नावे ठेविली तोच आंबा गोमंतकीयांस सर्वांत प्रिय व्हावा, हाही एक विनोदच.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपला औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापविला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि तेथील आपल्या एका आंब्यास वर्षातून दोन बहर येतात, असे तो अभिमानाने लिहितो. पुढे माझगावचे आंबे इतके नावाजले की मराय ग्रॅहॅम या इंग्रज बाईने १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या रोजनिशीत त्यांची हकीकत दिली आहे : ज्या मूळ झाडापासून तेथील सर्व कलमे झाली, त्याच्यावर फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे, आणि शाहजहानच्या वेळी दिल्लीच्या बादशाही थाळ्यात हे आंबे ताजे पोहोचावे म्हणून वाटेत जासूद ठेवीत. ज्या माझगावात आज गोदी आणि चाळी दिसतात, तेथे एके काळी झाडास पहारेकरी होते!

या हकीकतीत एक मर्म आहे. पिका आंबा, विशेषतः कलमी आंबा, हा फार लवकर राजाचा, सरदाराचा, नजराण्याचा आणि बाजाराचा झाला. २०१८ मध्ये कोकणच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळाले, तेही त्याची बाजारातील अब्रू राखण्यासाठीच. कैरीचे तसे झाले नाही. वाऱ्याने पडलेली कैरी कोणासही वेचता येते. तिच्यावर शिपायांचा पहारा बसल्याचे कोणी लिहून ठेविलेले नाही. म्हणूनच चैत्रगौरीचा फराळ गरिबाच्या घरी आणि वाड्यात फारसा निराळा होत नसे. वाड्यात केशराच्या काड्या अधिक पडत, एवढेच.

थंडाव्याचीही अशीच कथा आहे. अकबराच्या मुदपाकखान्यात सोऱ्याने पाणी थंड करीत, आणि १५८६ पासून लाहोरास डोंगरातून बर्फ आणीत, असे अबुल फजल लिहितो. १८३३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या ट्यूडर नामक व्यापाऱ्याने तळ्यावरचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास पाठविला. लवकरच तो मुंबईसही येऊ लागला आणि तेथील धनिकांच्या मेजवान्यांत आइस्क्रीम दिसू लागले. परंतु आळीतल्या गृहिणीस या बर्फाचा काय उपयोग? तिचे मातीचे मडके, त्यात सोडलेली वाळ्याची जुडी आणि बाहेरून गुंडाळलेले ओले फडके, एवढ्यावर पन्हे गार होत असे. मडक्याच्या अंगातून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते; हे पदार्थविज्ञान तिने पुस्तकात वाचले नव्हते, पण मडके खिडकीत ठेवावयाचे, कोपऱ्यात नव्हे, हे तिला पक्के ठाऊक होते.

आतापर्यंत पदार्थांचा विचार झाला. परंतु या समारंभाचे खरे वैशिष्ट्य मला त्याच्या पदार्थांत नव्हे, तर त्याच्या योजनेत दिसते. ते ध्यानी येण्यासाठी जुन्या काळची दुसरी पंगत डोळ्यांपुढे आणावी लागेल. १७८३ मध्ये सवाई माधवरावांचे लग्न पुण्यात झाले. त्याच्या बंदोबस्ताची यादी उपलब्ध आहे, आणि नाना फडणविसांची कारभारी बुद्धी तीत पानोपानी दिसते. पाहुण्यांचा मान, पानांची मांडणी, रांगोळ्या, वाढण्याचा क्रम, कशाचीही हयगय नाही. अशा पंगतीचा थाट वाचून मन प्रसन्न होते. परंतु असा थाट म्हणजे पहाटेपासून पेटलेल्या चुलवणांच्या रांगा, हेही विसरता येत नाही. घरोघरीच्या लहान पंगतींची रीतही हीच. प्रथम देव, मग पुरुष व मुले, आणि सर्वांची उष्टी निघाल्यावर, बहुधा तिसऱ्या प्रहरी, बायका. भर उन्हाळ्यात मुंज किंवा लग्न निघाले की हा क्रम किती कठीण होत असेल, याची कल्पना ज्याने चुलीपुढे घटकाभर बसून पाहिले आहे त्यासच येईल. शिवाय चैत्र-वैशाख हे पापड, कुरडया, सांडगे आणि लोणची यांचे दिवस. शेत निजलेले असते, पण घर निजलेले नसते.

अशा दिवसांत येणारे हळदीकुंकू कसे योजिले आहे ते पाहा. डाळ आदल्या रात्री भिजत घातली की तिला शिजवावयाचे नाही. सकाळी वाटावी, कैरी किसून घालावी आणि वरून फोडणी द्यावी. कैऱ्या सकाळच्या चुलीवर भाताबरोबरच उकडून निघतात. हरभरे पाण्यात आपोआप फुगतात. काकडी व कलिंगड यांस विस्तव ठाऊकच नाही. म्हणजे पाहुण्या येण्याच्या वेळी, चार-पाच वाजता, घरातील चूल थंड असते, आणि यजमानीण हातपाय धुऊन, वेणीफणी करून, त्यांच्यात बसू शकते. ताटे मांडावयाची नाहीत, आग्रहाचे वाढप नाही. कोणी घटकाभर बसते, कोणी उभ्याउभ्या जाते. शिजलेल्या अन्नाविषयी जातीजातींत जे कडक निर्बंध होते, ते भिजलेल्या हरभऱ्यास आणि फळास तितके लागू नव्हते; त्यामुळे निरनिराळ्या घरच्या बायका निदान ओटी तरी घेऊन जात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवस. गणेशचतुर्थी किंवा दसरा यांस तिथीचा धरबंध आहे. तिथी आली की घरात आजार असो वा अडचण असो, स्वयंपाक चुकत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाप्रमाणेच एक दिवस नाही, अनेक दिवस आहेत, आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार गृहिणीचा आहे. एका आळीत सर्वांनी एकाच दिवशी न करता पाळीपाळीने करावे, ही सोयही त्यातूनच निघाली.

राबणाराच्या सोयीने आखलेला सण आमच्या पंचांगात विरळा. तो ज्यांनी आखला त्या बायकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. परंतु ज्यांस चूल म्हणजे काय हे माहीत होते त्यांनीच तो आखला, हे त्याच्या अंगावर लिहिलेले आहे. खानदेशात हाच भाव आखाजीत दिसतो. अक्षय्य तृतीयेस तेथे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडास झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातात. सालदाराचे वर्षही तेथे याच दिवशी पुरे होऊन नवा करार होतो. म्हणजे गड्यास आणि लेकीस एकाच दिवशी घटकाभर श्वास घेण्याची मुभा.

येथवर लिहून लेखणी खाली ठेविली असती तर हा लेख गोड झाला असता, पण खरा झाला नसता. कारण या समारंभाच्या दाराशी एक उंबरठा आहे, आणि त्याच्या आत सर्व बायकांस प्रवेश नव्हता.

आमच्या घरी माझी एक आत्या राहत असे. ऐन तरुणपणी वैधव्य आल्यावर ती माहेरी परत आली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी पहाटे पाट्यावर डाळ वाटावयाची ती तिनेच. पन्ह्यात गूळ किती घालावा हे तिने बोट बुडवून सांगावयाचे आणि इतरांनी ते ऐकावयाचे. दुपारी माजघरात बायकांची गर्दी झाली, म्हणजे ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून वाट्या भरून देई. मी एकदा तिला विचारले, "आत्या, तू का ग येत नाहीस बाहेर?" ती म्हणाली, "दूध ठेवलंय रे विस्तवावर. उतू जाईल." मला ते पटले. त्या दिवशी विस्तवावर काहीच नसते, हे माझ्या ध्यानी यावयास बरीच वर्षे गेली.

चूल थंड ठेवून बायकांस बसावयास मोकळीक देणाऱ्या या सणाने ती मोकळीक सर्वांस दिली नाही. आणि जिला ती नाकारली, बहुधा तिच्याच हातच्या डाळीवर तो साजरा झाला. हा दोष एका घराचा नव्हे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह करून पुढे अनाथ बालिकांसाठी आश्रम काढला, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. परंतु कायदा जेथे पोहोचतो त्याच्या पुष्कळ आत माजघर असते.

तरीही या समारंभाचे दार उघडण्याचा विचार कोणास सुचलाच नाही, असे मात्र नाही. १८५२ च्या संक्रांतीस पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी स्त्रियांच्या तिळगुळाचा समारंभ भरविला, तेव्हा कोणत्याही जातीच्या बाईने यावे, सर्वांस एकाच जाजमावर बसवून हळदकुंकू लावण्यात येईल, असे निमंत्रणातच कळविले होते. मोठी परिषद नाही, ग्रंथ नाही. एक जाजम, हळदकुंकू आणि तिळगूळ. इतिहासकार ज्या गोष्टीस क्षुल्लक म्हणून वगळील, तिच्यातच त्या बाईने आपला सिद्धान्त मांडला. आणि आपल्या काळात, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवांविषयीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. त्या वर्षी अक्षय्य तृतीया ३ मे रोजी होती, आणि हेरवाडचा ठराव त्याच आठवड्यातील आहे. गौर पाळण्यातून उतरण्याचे आणि त्या ठरावाचे दिवस असे लगत यावेत, हा केवळ योगायोग. पण तो माझ्या मनात घर करून राहिला आहे.

सोपेपणावरही मध्यंतरी एक संकट येऊन गेले, ते छापखान्याच्या वाटेने. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचा 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. माहेरापासून दूर नोकरीच्या गावी संसार मांडणाऱ्या मुलीस आईच्या जागी पुस्तक मिळाले. परंतु 'एक हजार' या आकड्यातच एक नवी आकांक्षा आहे. पदार्थ हातावरून हातावर जात होते तोवर घरोघर पंधरा-वीस सणाचे पदार्थ असत. ते पानावर आले तेव्हा हजार झाले, आणि शेजारणीपेक्षा एक अधिक करावा ही ईर्ष्या आली. आज डाळ-पन्ह्याच्या जोडीस भेळ, आइस्क्रीम, ढोकळा आणि केक यांची रांग लागते, आणि सायंकाळी यजमानीण अंग टाकून देते. यंत्राने वाटण्याचे श्रम वाचविले. वाचलेला वेळ पदार्थांच्या संख्येने गिळला.

या इतिहासातून आजच्या कुटुंबाने काही घ्यावयाचे असेल, तर ते मला असे दिसते. उन्हाळ्यातील समारंभाची यादी बाजार पाहून करावी, पुस्तक पाहून नव्हे. कैरी असेल तर पन्हे, आंबा उतरला असेल तर रस, कोकणात असाल तर कोकम आणि फणस, गोव्यात असाल तर आंब्याचे सासव. जे आदल्या रात्री होऊ शकते ते आदल्या रात्री करावे. पाहुणे दारात असता विस्तव पेटलेला नसावा. दिवस घरातील माणसांच्या सोयीने निवडावा. पुरुषांनी पाट्यावर बसावयास किंवा यंत्राचे बटण दाबावयास हरकत नाही. भीमाने केलेल्या पन्ह्याचा वारसा आपणांसही आहे. आणि निमंत्रण कोणास द्यावयाचे, हे ठरविताना दाराआड वाट्या भरणारी कोणी उरत नाही ना, हे आधी पाहावे. मिरची नव्हती तेव्हाही डाळ होती, केशर नसले तरी पन्हे होते. या फराळात पालटता न येण्यासारखे काही असेलच, तर ते कोणत्याही वाटीत नाही; करणारीसही बसावयास मिळावे, या योजनेत ते आहे.

आत्याच्या अखेरच्या वर्षांत आमच्या घरचे हळदीकुंकू माझ्या पत्नीकडे आले होते. तिने आत्याचा हात धरून तिला बाहेर आणिले आणि बायकांच्या मधोमध खुर्चीवर बसविले. कुंकवाची कोयरी पुढे येताच आत्याने मान हलविली. "आता राहू दे ग," ती म्हणाली. पन्ह्याचा पेला मात्र तिने घेतला, एक घोट चाखला, आणि सर्वांच्या देखत सांगितले, "गूळ कमी पडलाय."

तेव्हापासून आमच्या घरी गूळ थोडा अधिक घालतात.